सेन्सर गेलाय

जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे, 'सेन्सर गेलाय, बदलावा लागेल.' मला हे वाक्य तांत्रिक कमी आणि नैतिक जास्त वाटतं. कारण कित्येकदा सेन्सर गेलेला नसतो. तो फक्त बोललेला असतो.

एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या बीएस-४ गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल खुपसला की गाडीच्या मनातला कोड मोबाइलवर दिसतो. आमच्या घरची गाडी २०१४ ची. गेल्या श्रावणात भीमाशंकरला जाताना डिंभे मागे पडलं, तळेघरच्या पुढे धुकं सुरू झालं आणि दिवा लागला. लुकलुकत नव्हता, स्थिर होता. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन मिसफायर होतंय, थांबा. स्थिर दिवा म्हणजे सावकाश जा, पण बघून घ्या. मोबाइलवर कोड आला: पी०१७१. मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी.

मागच्या सीटवरून लगेच निदान आलं, 'वर हवा विरळ ना, म्हणून.' ऐकायला पटतं, पण उलटं आहे. भीमाशंकर साधारण हजार मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा दहाएक टक्क्यांनी कमी. हवाच कमी मिळाली तर मिश्रण दाट व्हायला हवं, पातळ नाही. शिवाय तो दाब मोजायला गाडीत वेगळा सेन्सर असतोच. पुण्यातल्या एका गॅरेजला फोन केला, तर त्यांनी गाडी न बघताच सांगितलं, 'ऑक्सिजन सेन्सर गेलाय, नवा टाका.' काही हजारांचा मामला.

हा ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या नळीत बसून जळल्यावर उरलेला ऑक्सिजन मोजतो. उरला जास्त, तर कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. वाढवून वाढवून मर्यादा ओलांडली, तरी तो एकदाच दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाही. पुढच्या फेरीत तेच पुन्हा दिसलं की मगच दिवा लावतो. आपल्यापैकी किती जण कुणाबद्दल मत बनवताना दुसऱ्या फेरीची वाट बघतात?

उतरताना घोडेगावात एका मेस्त्रींकडे गाडी दाखवली. त्यांनी कोडकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, 'दादा, चालू आकडे दाखवा.' कॉम्प्युटर किती टक्के जादा पेट्रोल ओततोय ते. गाडी जागेवर गुरगुरत असताना पंचविसाच्या आसपास. अॅक्सिलरेटर दाबून २५०० आरपीएमला नेली, तर चार-पाच. पेट्रोलचा पंप कमजोर असता तर जोर वाढल्यावर आकडा बिघडला असता. इथे तो सुधारला. म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत येतेय. इंजिन हळू श्वास घेतं तेव्हा ती चोरी मोठी वाटते, जोरात घेतं तेव्हा त्यात हरवून जाते. आणि सेन्सर हा फरक अचूक सांगत होता. मेलेला माणूस एवढं सविस्तर सांगत नाही.

मग त्यांनी इनटेकच्या पाइपांवर कार्बोरेटर क्लीनर थोडा थोडा मारत नेला. एका रबरी नळीपाशी इंजिनाचा आवाज बदलला. बोटाएवढी नळी, वाकते तिथे तडा. काम अर्ध्या तासाचं.

मला राहून राहून वाटतं ते असं. कोडसोबत सेन्सरचं नाव येतं, तड्याचं नाव कुठेच येत नाही. जो बोलतो त्याचंच नाव नोंदलं जातं, म्हणून हात आधी त्याच्याकडे जातो. सोसायटीच्या हिशोबात तफावत आहे असं सांगणारा सभासद 'कटकट्या' ठरतो. शाळेत पोरं गप्प बसतात असं म्हणणारी बाई 'नकारात्मक'. साक्षीदार बदलला की खटला मिटतो अशी समजूत. नवा सेन्सर टाकला असता तर चार दिवसांनी त्यानेही तेच सांगितलं असतं, आणि मग बहुधा त्यालाही डुप्लिकेट ठरवलं असतं.

याहून सोपा रस्ता म्हणजे कोड पुसणं. मेस्त्रींनी विचारलं, 'क्लिअर करू का?' मी नको म्हटलं. नळी खरंच ठीक असेल तर तीन फेऱ्या नीट झाल्यावर दिवा आपोआप जातो. कोड मात्र आणखी चाळीसेक वेळा इंजिन गरम होईपर्यंत स्मृतीत राहतो, मग तोही जातो. गाडी विकायच्या आदल्या दिवशी दिवा घालवणारे खूप आहेत. ते खोटं एक शब्द बोलत नाहीत. गिऱ्हाइकाने विचारलंच नाही, असं म्हणता येतं. पण पुसल्यावर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या 'अपूर्ण' दाखवायला लागतात, म्हणजे पुसल्याची खूण राहतेच. बघणारा हवा.

भीमाशंकरच्या वाटेवर चाकण लागतं. तिथल्या एमआयडीसीत फोक्सवॅगनचा कारखाना आहे. २०१५ मध्ये उघड झालं, की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायला या कंपनीने आपल्या डिझेल गाड्यांना शिकवलं होतं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भारतातही तीन लाखांहून जास्त परत बोलावायचं ठरलं. तिथे सेन्सर सगळे शाबूत होते, साक्ष फिरवली होती. इतक्या मोठ्या लबाडीपुढे आपलं दिवा पुसणं किरकोळ वाटतं. मला वाटतं फरक फक्त आकड्याचा आहे.

एका गोष्टीचा मात्र निकाल लागत नाही. याच रस्त्यावर वडापच्या एका व्हॅनमध्ये त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली पाहिली. चालवणारे काका म्हणाले, 'गाडी मला माहितीय, दिवा उगाच डोळ्यात येतो.' त्यांच्याकडे दुरुस्तीचे पैसे नसतील. ते कुणाला गाडी विकत नाहीत, घाटात तेही त्याच गाडीत बसलेले असतात. त्यांना लबाड म्हणायला जीभ रेटत नाही. पण मिश्रण पातळ असेल, तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला नायट्रोजनचे ऑक्साइड नीट मोडता येत नाहीत. ते मागच्या नळीतून बाहेर पडतात, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेकरूचं अभयारण्य आहे.