खुर्चीतून उठण्याचं बळ

निवृत्तीनंतरचा व्यायाम म्हणजे सकाळचं फिरणं, हे आपल्याकडे जवळजवळ ठरून गेलं आहे. बागेतल्या फेऱ्या झाल्या की दिवसाचं कर्तव्य उरकल्याचं समाधान मिळतं. फिरणं चांगलंच, पण तेवढ्यावर थांबणं महागात पडतं. परावलंबनाची सुरुवात पुष्कळदा खुर्चीतून किंवा कमोडवरून आधाराशिवाय उठता न येण्यापासून होते, आणि ते काम मांड्यांच्या जोराचं आहे. वय वाढतं तसे स्नायूंतले जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक बारीक होत जातात. ठेच लागल्यावर पाय झटकन पुढे टाकून तोल सावरायचा तो त्यांच्याच बळावर. सपाट रस्त्यावरच्या संथ चालीत त्यांना फारसं कामच पडत नाही.

गेलेली ताकद परत येते का? बोस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी 1990 साली सरासरी नव्वदीच्या दहा वृद्धाश्रमवासीयांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली. त्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळपास पावणेतीनपट झाली. दहाच माणसं, म्हणून शंका घेणं रास्त होतं. 1994 मध्ये त्यांच्याच गटाने सरासरी 87 वर्षांच्या शंभर जणांवर प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली, जिने चढण्याची क्षमताही वाढली. नुसतं पूरक पोषण देऊन मात्र काही साधलं नाही. परदेशातल्या मुलांनी धाडलेले पावडरचे डबे फडताळात रांगेने ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. प्रथिनं हवीतच, पण स्नायूला ताण मिळाल्याशिवाय ती एकटी पुरत नाहीत.

हृदय-फुफ्फुसांचीही हीच कथा. डॅलसमध्ये 1966 साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले, तेव्हा दिसलं की तीन दशकांच्या वयाने त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जेवढी घटवली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. आजारपणानंतर ‘आता हलू नका’ म्हणणाऱ्या प्रेमळ घरांनी विचार करावा असा हा निष्कर्ष आहे. चालण्याचा वेग असा हवा की बोलता येईल, पण गाता येणार नाही. आपले फिरायला जाणारे गट मात्र एका फेरीत मुंबईपासून दिल्लीपर्यंतचं राजकारण निकालात काढतात, आणि कुणाला धापही लागत नाही!

‘घरकाम हाच आमचा व्यायाम’ असं बायका सांगतात. घरकाम थकवतं खरं, पण रोजचा हंडा रोज तेवढाच जड असतो, आणि सवयीहून अधिक भार पडला तरच स्नायू वाढतो. गुडघेदुखीची सबब तर उलटीच आहे. झिजलेल्या गुडघ्यावरच्या मुख्य उपचारांत मांडीचे स्नायू बळकट करणं मोडतं. रक्तदाबाची भीती मात्र खोटी नाही. छातीत दुखत असेल वा दाब आटोक्यात नसेल, तर आधी डॉक्टर. इतरांनीही भार हलका ठेवून सुरुवात करावी, आणि जोर लावताना श्वास रोखू नये, सोडावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत पासष्टीपुढच्यांसाठी आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आहेत, शिवाय तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे. खुर्चीतून हात न लावता दहादा उठबस हा त्याचा बिनखर्ची आरंभ. ते सोपं वाटू लागलं की खुर्ची बुटकी घ्यावी, किंवा हातात पाण्याच्या बाटल्या धराव्यात. बागांतून बसवलेल्या ‘ओपन जिम’च्या बहुतेक यंत्रांत नेमकी ही भार वाढवण्याचीच सोय नसते.