भाडेकरूचे पाणी

मारेगावी एकादशीच्या कीर्तनानंतर एका माळकऱ्याने विचारले, "महाराज, भाडेकरूनं दोन महिने भाडं देल्लं नाही. घर मायं, नळ माया. बंद केला तं पाप कायचं?"

प्रश्न प्रामाणिक आहे. थकलेले भाडे मागणे हा अधर्म नव्हे. मालकालाही प्रपंच आहेच. पण मागण्याची एक रीत असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 सांगतो, करार लेखी करून नोंदवावा, भाड्याची पावती द्यावी, पाणी-वीज तोडू नये. भाडे थकले तर लेखी मागणी करून 90 दिवस थांबावे, मगच घर सोडवण्यासाठी न्यायालयात जावे. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. तो नोंदवला नसेल, तर अटींविषयी भाडेकरू म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरतात.

हा पक्षपात वाटेल. पण घर आपले, नळाची चावी आपल्या हाती. त्या बापड्याजवळ फक्त शब्द. कायदा त्या शब्दाला उभे राहायला जागा देतो, इतकेच.

कोणी म्हणेल, हा अधिनियम ठरावीक क्षेत्रांनाच लागू आहे. असेल! जेथे कायदा पोहोचत नाही, तेथे तहान पोहोचत नाही काय?

चंद्रभागेच्या वाळवंटात आपण नावगाव न विचारता एकमेकांच्या पाया पडतो. घरी परतल्यावर तोच विठ्ठल आपल्या मागच्या खोलीत राहतो, आणि त्याचे भाडे थकलेले असते. आपली परीक्षा तेथे आहे. भाडे जरूर मागा. पण त्याचा हंडा कोरडा ठेवून मागू नका.

रामकृष्णहरि!