अमुक गोत्र, अमुक नाव

वडिलांच्या वर्षश्राद्धानंतरच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाची पोथी माझ्या हाती आली. मी पाटावर बसलो आणि संकल्प खणखणीत आवाजात वाचला : अमुक गोत्र, अमुक नाव. आई हसू आवरत म्हणाली, "अरे, तिथं तुझं नाव घालायचं!" पोथीत एका अक्षराची चूक नव्हती, शाळामास्तरच्या जिभेवर उच्चारही शुद्ध होते. तरी ती पूजा कोणाची झाली असती, हे देवच जाणे.

गेल्या दिवाळीत या प्रसंगाची पुन्हा आठवण झाली. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्याहून आली होती. फराळ अर्ध्यावर ठेवून तिने लॅपटॉप उघडला. "दहा मिनिटं, सर. झाडलोट करायची आहे." ही झाडलोट दूर कुठेतरी भाड्याने घेतलेल्या यंत्रांची. लोक त्याला 'क्लाउड' म्हणतात, पण असतात ती जमिनीवरच. जुन्या नोंदी काढणे, बंद झालेली खाती पुसणे, अशा कामांच्या आज्ञा ओळीने आधीच लिहून ठेवलेल्या असतात. तिला म्हणतात स्क्रिप्ट.

"लिहिली कोणी?"

"माझ्या आधी होता त्यानं. तो गेला नोकरी सोडून."

"तू वाचलीस?"

"रोज चालते ती, सर."

हे उत्तर मला फार ओळखीचे वाटले. मीही वर्षानुवर्षे त्याच टिपणांवरून शिकवीत आलो आहे.

मग तिनेच एक हकीकत सांगितली. ॲटलासियन या ऑस्ट्रेलियन कंपनीला ५ एप्रिल २०२२ रोजी ग्राहकांकडचे एक जुने उपकरण काढायचे होते. एका गटाने क्रमांकांची यादी दिली. पण ते क्रमांक उपकरणाचे नव्हते, ते ज्यात बसवले होते त्या अख्ख्या बिऱ्हाडांचे होते! स्क्रिप्टला पुसण्याच्या दोन रीती ठाऊक होत्या, परत आणता येईल अशी आणि कायमची. चालली ती कायमची. तेवीस मिनिटांत ७७५ ग्राहकांची ८८३ बिऱ्हाडे उठली. तक्रार नोंदवायला लागणारी ओळखही त्यांच्याबरोबर पुसली गेली होती. राखून ठेवलेल्या प्रतींवरून सारे पूर्ववत व्हायला १८ एप्रिल उजाडला.

दोष कोणाचा? कंपनीच्या जाहीर अहवालात कोणा कर्मचाऱ्याचे नाव नाही. दोन गटांतला विसंवाद आणि यंत्राने न दिलेला इशारा, ही कारणे दिली आहेत. विद्यार्थिनीला हे न्याय्य वाटते. "शिक्षा केली, तर पुढच्या वेळी माणूस चूक लपवील." ते मलाही पटते, छडीने मुले खोटे बोलायला शिकतात, हे मी वर्गात पाहिले आहे. पण कोणाला शिक्षा नको म्हणजे कोणाची जबाबदारीच नव्हती, असे मात्र मला म्हणवत नाही. आज्ञा लिहिणाऱ्याला त्या दिवशीची यादी ठाऊक असणे शक्य नव्हते. यादी देणाऱ्याने ती बरोबरच समजून दिली. चालवणाऱ्याने दोघांवर विश्वास टाकला. प्रत्येक जण दुसऱ्याच्या लक्षावर विसंबला, आणि ऐन वेळी लक्ष कोणाचेच नव्हते.

आधी लिहून ठेवलेल्या आज्ञेला मी नावे ठेवीत नाही. अपरात्री झोपेने पेंगणाऱ्या माणसाला सगळे नव्याने आठवायला लावणे हा छळच. पोथीवाचून मला तरी पूजा कुठे येत होती? पण पोथी लिहिणाऱ्याने एक जागा रिकामी सोडलेली असते, आणि ती त्याला भरता येत नाही. तो कितीही विद्वान असो, आज पाटावर कोण बसले आहे हे त्याला दिसत नसते.

हे सारे मी बोललो की मनातच म्हटले, आता आठवत नाही. तिने मात्र लगेच कळ दाबली नाही. आधी रंगीत तालीम घेतली. यात काही पुसले जात नाही, काय पुसले जाईल तेवढे दिसते. ती यादी एकेक ओळ ओठांत पुटपुटत वाचू लागली. चहा निवत चालला होता. एका ओळीवर तिचे बोट थांबले. तिने फोन लावला. पलीकडे फटाके वाजत होते, त्यामुळे तिला दोनदा ओरडून विचारावे लागले, "हे खातं नक्की बंद झालंय ना?"