मुळासकट

माजलगावजवळ, धरणाच्या कालव्यावर ऊस करणारं एक घर होतं. थोरली लेक शिकायला छत्रपती संभाजीनगरला गेली आणि तिचा जुना कॉम्प्युटर बारावीतल्या धाकट्याच्या वाट्याला आला. अभ्यासासाठी म्हणून ठेवलेल्या त्या मशीनवर महिन्याभरात 'जीटीए व्हाइस सिटी' आली. कॉम्प्युटरवर २००३ साली आलेला हा खेळ. जुन्या, दमलेल्या मशीनवरही पळतो, म्हणून पोरांमध्ये अजून टिकून आहे.

सहामाहीत पोराचं फिजिक्स उडालं. आई रागावली नाही. ताट वाढलं आणि उठून गेली. ते त्याला जास्त लागलं. त्याच रात्री त्यानं डेस्कटॉपवरचं गेमचं चिन्ह डिलीट केलं. पण ते चिन्ह म्हणजे नुसता शॉर्टकट. गेम हार्ड डिस्कवर जागच्या जागी होता, आणि कुठं आहे हे पोराला ठाऊक होतं. आठवडाही टिकलं नाही. मग त्यानं सेटिंगमधल्या ॲप्सच्या यादीत जाऊन तो रीतसर अनइन्स्टॉल केला. दिवाळीत मित्र पेनड्राइव्ह घेऊन आला. एकदाच खेळू म्हणून गेम पुन्हा टाकला, 'लोड गेम' दाबलं, आणि सगळं जसंच्या तसं समोर उभं राहिलं: तोच बंगला, तीच गाडी, तेवढाच पैसा. पहिल्यापासून खेळावं लागलं असतं तर तो कदाचित कंटाळून उठला असता. आता मात्र पहाट झाली.

सुट्टी संपल्यावर सीपीयू मोटारसायकलवर बांधून तो माजलगावात दुरुस्तीच्या दुकानात गेला. "दादा, फॉरमॅट मारा. सगळंच जाऊ द्या."

फॉरमॅट पुष्कळांना सोपा वाटतो. मला तो रागाचा उपाय वाटतो. दुकानदारानं आधी फोल्डर उघडून दाखवले. आबांचा सातबारा, कारखान्याच्या उसाच्या पावत्या, ताईच्या प्रवेशाची कागदपत्रं. "हे पण जाऊ द्यायचं?" पोरानं नकारार्थी मान हलवली. "मग हातानं काढू."

त्यानं गेम परत अनइन्स्टॉल केला आणि प्रोग्राम फाइल्समध्ये शिरला. गेमचं फोल्डर तिथंच होतं, आत एमपी३ नावाचं दुसरं. गाडीतल्या रेडिओवर वाजावीत म्हणून पोरानं त्यात आपली गाणी भरली होती. "अनइन्स्टॉलर स्वतः ठेवलेलंच उचलतो," दुकानदार म्हणाला. "तू टाकलेलं तुलाच काढावं लागतं." ते काढलं. ॲपडेटाचं लपवलेलं फोल्डरही त्यानं बघून घेतलं, कारण नवे गेम तिथं पसारा ठेवतात. रजिस्ट्रीत मात्र पोराला हात घालू दिला नाही. तिथं चुकीची नोंद उडाली तर विंडोजच बसतं, आणि उरलेल्या एखाद्या नोंदीनं कुणाला खेळायची ओढ लागत नाही.

शेवटी डॉक्युमेंट्स उघडलं. 'जीटीए व्हाइस सिटी युजर फाइल्स'. खेळाच्या जतन केलेल्या नोंदी इथं होत्या.

"हे राहू द्या दादा," पोरगं घाईनं म्हणालं. "परीक्षा झाल्यावर लागंल."

दुकानदारानं माउस सोडला. "तुमच्या रानात कुंदा आहे का रे?"

"होता. आबांनी उन्हाळ्यात खांदून काढला."

"वरून कापला असता तर भागलं नसतं का?"

काळ्या रानातलं पोर ते. कुंद्याच्या तणाची कांडी मातीत राहिली तर पावसावर काय होतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती. उत्तर न देता ते स्क्रीनकडे बघत राहिलं.

"हे मी पुसणार नाही," दुकानदार म्हणाला. "ठेवायचं तर ठेव. तुझं आहे."

बराच वेळ गेला. दुकानात दुसरं गिऱ्हाईक येऊन प्रिंट काढून गेलं. मग पोरानं फोल्डरवर क्लिक केलं, शिफ्ट दाबून धरलं आणि डिलीट मारलं, म्हणजे रीसायकल बिनमध्येही काही उरू नये.

तुमच्या घरात असा खेळ काढायची वेळ आली तर सेव्हचं फोल्डर आधी शोधा. ऑनलाइन गेम असेल तर त्याच नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर खात्यात राहतात. नुसता गेम काढून त्या जात नाहीत. आणि शेवटचं बटण मुलालाच दाबू द्या.