नोंद चुकीच्या खात्यात

आमच्या आईने आयुष्यात एकाच माणसाला मनापासून शिव्या दिल्या. (वडिलांना दिल्या त्या संसाराचा भाग म्हणून.) तो माणूस म्हणजे निळू फुले.

वाघोली पुणे महापालिकेत गेली २०२१ साली. मी सांगतोय तेव्हा ती खेडं होती. आळीत टीव्ही एक आणि समोर माणसं चाळीस. दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा. निळूभाऊ मान तिरकी करून हसले, की आई पदर सावरायची आणि ‘मुडदा बशिवला मेल्याचा!’ म्हणून मोकळी व्हायची. ‘सामना’तला हिंदुराव धोंडे-पाटील १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवापर्यंत जाऊन आला, पण आईने त्याला ओट्यावरही टेकू दिलं नसतं.

पुढे मी तिला पेपरातून वाचून दाखवलं, की हा माणूस सेवा दलातला, पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणारा, डॉ. लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी झटणारा. आई म्हणाली, ‘असंल. पण नजर वाईट हाय.’

मी पडलो बी.कॉम. हिंदुरावाचं पाप फुल्यांच्या नावे का पडावं? खातेदार वेगळा, पासबुक वेगळं! ‘सिंहासन’मध्ये (१९७९) त्यांनी दिगू टिपणीस हा वार्ताहर केला, तरी आमच्या आळीने जुनीच बाकी पुढे ओढली.

१३ जुलै २००९ ला निळूभाऊ गेले. आई जेवली नाही. मी विचारलं, ‘मग एवढ्या शिव्या दिल्यास त्यांचं काय?’

‘त्यासाठीच तर करत हुते ना ते? पोचल्या त्यांना.’

म्हणजे ती शिव्यांची रक्कम जमेलाच होती! मला हा हिशेब कॉलेजात कोणी शिकवला नाही.

आता माझं खातं बघा. काउंटरवर मी हसतमुख, नम्र. पंचक्रोशीत सज्जन म्हणून नाव. पडद्यावर तीन तास वाईट वागून बाहेर चांगलं राहणं याला अभिनय म्हणतात. मी करतो त्याला आमच्याकडे ग्राहकसेवा म्हणतात.

गेल्या नोव्हेंबरात एक आजी हयातीच्या दाखल्यासाठी आल्या. मला चहाची तल्लफ आलेली. मी चेहरा पाडून म्हटलं, ‘आजी, सर्व्हर डाऊन आहे हो. उद्या या.’ (यंत्र ठणठणीत होतं.)

‘असू दे रे बाळा, तुझी काय चूक?’ म्हणत त्या ट्रकांमधून वाट काढत नगर रस्ता ओलांडून गेल्या. मी चहा घेतला. गार झाला होता.

दुसऱ्या दिवशी आल्या त्या माझ्यासाठी दोन चिकू घेऊन. अंगठा लावता लावता म्हणाल्या, ‘काल तुला लई उशीर झाला असंल ना रे, त्या मशिनीपायी?’

मी म्हटलं, ‘साडेआठ वाजले, आजी.’