दुसरा निबंध

वैज्ञानिकाची थोरवी सांगायची झाली की आपल्याकडे शोधनिबंधांचा आकडा पुढे केला जातो. प्राध्यापकांच्या बढत्या त्यावर ठरतात, सत्कारातही तोच वाचून दाखवतात. मला मात्र त्या यादीत एकच गोष्ट शोधावीशी वाटते: आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाची पुढची परीक्षा या माणसाने स्वतः घेतली का, आणि ती फसल्यावर छापली का? याचे मला माहीत असलेले उत्तम उदाहरण निपाणीच्या तंबाखूच्या पिकाशी जोडलेले आहे, म्हणून ते सीमाभागातल्या वाचकांपुढे ठेवतो.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा मोठ्या आतड्याच्या अस्तरावरच उलटते. आव पडते, रक्त पडते, माणूस महिनोन्‌महिने खंगतो. असे रुग्ण पुष्कळदा आधी मूळव्याधीचीच औषधे घेत राहतात. 1982 साली कार्डिफच्या हॅरीस, बेअर्ड आणि ऱ्होड्स या डॉक्टरांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. कोलायटिसच्या रुग्णांत धूम्रपान करणारे सुमारे 8 टक्केच निघाले. तुलनेसाठी घेतलेल्या इतरांत ते 44 टक्के होते. क्रोन्स हा याच आजाराचा भाऊबंद, पण तो धूम्रपानाने बळावतो. एकच तंबाखू एका आजाराला आवरते आणि दुसऱ्याला चिथावते, हे कोडे होते.

जॉन ऱ्होड्स यांच्या गटाने ते सोडले नाही. 1994 साली त्यांनी 72 रुग्णांवर 6 आठवडे निकोटिनच्या पट्टीचा प्रयोग केला. निकोटिन मिळालेल्या 35 पैकी 17 जणांचा आजार पूर्ण शमला, औषधाविना पट्टी लावलेल्या 37 पैकी 9 जणांचा. हा निकाल न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. इथेच थांबून आयुष्यभर व्याख्याने देता आली असती. पण आजार शमलेल्या 80 रुग्णांना त्याच गटाने 6 महिने पट्टी दिली, आणि आजार पुन्हा उलटू नये यासाठी तिचा काहीही उपयोग झाला नाही. 1995 साली तेही त्याच नियतकालिकात छापून आले.

मला हा दुसरा निबंध पहिल्याहून मोठा वाटतो. पहिला तेवढा निपाणीच्या बाजारात पोहोचला असता तर विडीला औषधाचा मान मिळायला वेळ लागला नसता. ज्या गावाने तंबाखूच्या भावासाठी 1981 साली पोलिसांच्या गोळ्या झेलल्या, जिथे बायकांनी वखारींतल्या धुळीत आयुष्ये काढली, तिथे अर्धे सत्य फार महागात पडते. निकोटिनचा शोध वायाही गेला नाही. 2003 साली अमेरिकेत केव्हिन ट्रेसी यांच्या गटाने दाखवले की भक्षकपेशींवरच्या एका ग्राहीवाटे निकोटिनसारखे रेणू टीएनएफ या दाहकारक प्रथिनाचा स्राव रोखतात. याच प्रथिनाविरुद्धचे इन्फ्लिक्सिमॅब 1998 पासून क्रोन्ससाठी वापरात आहे. कोलायटिस आणि धूम्रपानाचे सगळे नाते ट्रेसींच्या शोधाने उलगडले असे मात्र नाही.

शेजारच्या सांगलीच्या हळदीचीही कथा अशीच आहे. 2006 साली जपानमध्ये नेहमीच्या औषधाच्या जोडीला कर्क्युमिन घेणाऱ्या 43 पैकी 2 रुग्णांचा कोलायटिस 6 महिन्यांत उलटला, न घेणाऱ्या 39 पैकी 8 जणांचा. 2017 साली दिल्लीच्या एम्सने कमी मात्रेत तेच देऊन उफाळलेला आजार शमतो का ते पाहिले, शमला नाही. मात्रा वेगळी, प्रश्नही वेगळा. आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर यातले जपानच तेवढे फिरते.

बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषधी संस्था आहे. 1963 सालचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे. या जिल्ह्यातल्या खेड्यांत प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांचा प्रयोग झाला. 1,620 बाळंतिणींना गोळ्या दिल्या त्या उपकेंद्रांतल्या नर्सबाईंनी. मिसोप्रोस्टॉल मिळालेल्यांत अतिरक्तस्रावाचे प्रमाण 6.4 टक्के, औषधाविना गोळी मिळालेल्यांत 12 टक्के. 2006 साली लॅन्सेटमध्ये आलेला हा निकाल जगभर वाचला गेला. म्हणजे काटेकोर पुरावा उभा करायला इथली खेडी आणि इथल्या नर्सबाई पुरेशा आहेत, हे सिद्ध झालेले आहे.

तेव्हा या संस्थांकडे माझे मागणे आहे. निपाणी-चिकोडी भागातल्या विडी कामगारांच्या आणि वखारीतल्या स्त्रियांच्या पोटाच्या तक्रारींची वर्षानुवर्षे सलग नोंद ठेवा. प्रश्न मराठीत आणि कन्नडमध्ये विचारा. कुडा, बेल, हळद या पारंपरिक औषधांची परीक्षा निकोटिनच्या पट्टीइतक्याच कठोरपणे घ्या. जे औषध निरुपयोगी ठरेल त्याचा निबंध आधी छापा, आणि बढतीच्या वेळी त्याला यशस्वी निबंधाइतकेच गुण द्या.