हे कशात वळतं होणार?

आजचं वाचन: मत्तय ६:१-४, १ पेत्र ३:१५



आज एका कबुलीने सुरुवात करतो.

मागच्या डिसेंबरात आमच्या तरुण संघाने नाताळनिमित्त ऊसतोड कामगारांना ब्लँकेट वाटायचं ठरवलं. पुण्यापासून दोनेक तासांवर, फडाजवळ त्यांच्या कोप्या होत्या. वर्गणी जमली, प्रत्येक ब्लँकेटमध्ये वचनाचं एक छापील कार्ड घातलं आणि रविवारी उपासनेनंतर आम्ही निघालो. तिथे रांग लावली. एकजण द्यायला, एकजण फोटोला. सगळं कसं व्यवस्थित.

बोलण्यावरून कळलं की त्यातली बरीच मंडळी आमच्याच बीड जिल्ह्यातली आहेत. मी आष्टी तालुक्यातला, त्यामुळे मला आणखीच आनंद झाला. एक मावशी पुढे आल्या. ब्लँकेट घेतलं, कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि हळूच विचारलं, "बाळा, हे कशात वळतं होणार?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मान खाली गेली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बीडमधून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. निघण्याआधी मुकादमाकडून उचल घ्यायची, म्हणजे आगाऊ रक्कम. मग हंगामभर पहाटेच्या थंडीत ऊस तोडून ती फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर. त्या मावशींच्या आयुष्यात हातात पडलेली प्रत्येक गोष्ट कुठेतरी लिहिली जाते आणि नंतर कापली जाते. मग आमचं ब्लँकेट तरी फुकट कसं असेल? रांग होती, फोटो होता, वर एक कागदही होता. त्यांनी बरोबरच विचारलं.

मी म्हणालो, "कशातच नाही मावशी." त्यांनी मान हलवली, पण विश्वास बसलेला दिसला नाही. आणि खरं सांगू? परतताना मी फोन काढून फोटोला किती लाइक आले ते बघत होतो. म्हणजे वळतं तर होतच होतं. माझ्या खात्यात.

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू येशू नेमकं हेच सांगतो. दान करताना पुढे कर्णा वाजवणाऱ्यांबद्दल तो म्हणतो की त्यांना त्यांचं प्रतिफळ मिळून गेलंय. तिथला मूळ ग्रीक शब्द व्यवहारातला आहे. पूर्ण रक्कम पावली, अशी पावती देताना तो वापरत. हिशेब संपला! लोकांनी वाहवा केली, आता पित्याकडून येणं काही उरलं नाही.

मग साक्ष द्यायचीच नाही का? पाचव्या अध्यायात तोच प्रभू म्हणतो की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, त्यांनी तुमची चांगली कामं पाहून पित्याचं गौरव करावं. दोन्ही वचनं एकाच डोंगरावरची. मी बरेच दिवस या दोन्हींमध्ये अडकलो होतो. मला उत्तर सापडलं ते माझ्या आजीच्या रांजणापाशी.

आजी उन्हाळा लागला की घरासमोर रस्त्याकडेला, लिंबाखाली रांजण भरून ठेवायची. रोज पहाटे घासायची, गाळून पाणी भरायची, वर झाकण आणि झाकणावर पेला. दुष्काळात टँकर तीन-चार दिवसांनी यायचा, तेव्हाही रांजण भरलेला असायचा. घरात मात्र आम्हाला आंघोळीला एक तांब्या कमी. फडावरून परतणाऱ्या गाड्या थांबायच्या, माणसं पाणी पिऊन पुढे जायची.

मी आठवी-नववीत असेन. रविवारच्या शाळेतून नवीन उत्साह घेऊन आलो होतो. आजीला म्हणालो, "आपण रांजणावर क्रूस काढू. लोकांना कळेल तरी." आजी म्हणाली, "तहानलेल्याला आधी पाणी दिसू दे बाबा. बाकीचं त्यानं इचारलं तर सांगू."

तेव्हा मला वाटलं, आजी घाबरते. आज वाटतं, १ पेत्र ३:१५ तिला माझ्यापेक्षा चांगलं कळलं होतं. तुमच्या आशेचं कारण जो कोणी विचारेल त्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्यायला तयार असा, असं पेत्र सांगतो. क्रम बघा. आधी जगणं, मग समोरच्याचा प्रश्न, मग आपलं उत्तर. आम्ही ब्लँकेट वाटताना उत्तर आधीच छापून नेलं होतं. प्रश्न मात्र वेगळाच आला.

आमच्या आष्टीच्या शिवेला लागूनच जामखेड आहे. तिथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य आलं. वेल्लोरला शिकलेले डॉक्टर, मोठ्या शहरात सहज नाव कमावलं असतं. ते औषधं घेऊन आले, पण लोकांना हवं होतं अन्न आणि पाणी. तेव्हा त्यांनी आधी तेच हाती घेतलं. १९७२ च्या दुष्काळाचा तो काळ. पाण्यासाठी बोअर घेताना त्यांनी हातपंप दलित वस्तीत बसतील असं पाहिलं, म्हणजे बाकी गावाला पाण्यासाठी तिथेच यावं लागेल. जातीवर एक शब्दाचं प्रवचन नाही, नुसता हातपंप! पुढे त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्यात शाळेची पायरी न चढलेल्या होत्या, वेगवेगळ्या जातीधर्मांच्या होत्या. त्याच बायका गावात बाळंतपणं करू लागल्या, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण तोवर हे काम कितीतरी घरांत पोचलेलं होतं.

शोमरोनी बाईच्या विहिरीवर प्रभू येशूने स्वतः पाणी मागितलं होतं, आठवतंय? (योहान ४) ज्यांच्या हातचं पाणी चालत नव्हतं, त्यांच्याकडेच. मला जामखेडच्या हातपंपात तीच विहीर दिसते.

आजी गेली तेव्हा मातीला अख्खा गाव आला. शेजारचे काका ख्रिस्ती नाहीत, वारीला जाणारे माळकरी. कबरस्तानातून परतताना त्यांनी मला विचारलं, "म्हातारी एवढी वर्षं पाणी भरायची. का रं? कधी बोलली न्हाई."

ज्या प्रश्नाची आजीने आयुष्यभर वाट पाहिली, तो मला विचारला गेला. मी एवढंच म्हणालो, "काका, तिला वाटायचं, देवानं येशूमध्ये तिला सगळं फुकट दिलं. फेडायला काही ठेवलंच नाही. म्हणून मग ती पाणी द्यायची." काका बराच वेळ गप्प चालले. पुढच्या उन्हाळ्यात गावी गेलो तर रांजण भरलेला होता. काकू भरतात.

मित्रांनो, हीच सुवार्ता आहे. देवाची कृपा ही उचल नाही. ती हंगामभर राबून फेडायची नाही, तिची बाकी पुढच्या वर्षी ओढायची नाही. पण आपण सेवा करताना मनात हिशेब ठेवला, की समोरचा चर्चला येईल, माझं नाव होईल, निदान आभार तरी मानेल, तर आपण कृपेच्या नावाखाली उचलच वाटतो. आणि उचल कशी असते हे गरिबाला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

आजचं पाऊल: या आठवड्यात एक लहानसं काम करा, ज्याची पोस्ट होणार नाही. सोसायटीच्या वॉचमनदादांना त्यांच्या गावाचं नाव विचारा, चहा त्यांच्यासोबत बसून घ्या. हॉस्पिटलमध्ये कुणाचा फॉर्म भरून द्या. मग विसरून जा. मात्र कुणी 'का?' असं विचारलंच, तर लाजू नका. दोन वाक्यांत, खरंखरं सांगा.

प्रार्थना: प्रभू येशू, तू आम्हाला फुकट दिलंस. आमच्या देण्यातला हिशेब काढून टाक. आमचे हात तुझ्या कामी लाव, आणि कुणी विचारेल त्या दिवशी आमच्या ओठांवर तुझं नाव असू दे. कोप्यांमध्ये थंडीत झोपणाऱ्या आमच्या भावाबहिणींना सांभाळ. आमेन.